टेकलेलं म्हणजे जोडलेलं नव्हे

मित्रहो, संगणकावर कॅडमध्ये, म्हणजे सुटे भाग जुळवायच्या असेम्ब्लीत, आपण एक प्लेट आडवी ठेवतो, तिच्यावर दुसरी उभी करतो, दोन्हींचे पृष्ठभाग एकमेकांना टेकवतो आणि पुढच्या कामाला लागतो. बहुतेक सगळी मॉडेलं अशीच तयार होतात. आज मला त्या टेकवण्याबद्दलच बोलायचं आहे. फिलेट वेल्ड, म्हणजे कोपरा भरणारं वेल्ड, उभ्या प्लेटच्या दोन बाजूंना, कोपऱ्यात बसतं. वितळून बसलेल्या धातूच्या त्या दोन पट्ट्यांच्या, म्हणजे बीडच्या, मध्ये, प्लेटच्या जाडीखाली, काहीही जोडलेलं नसतं. तिथे एक फट असते, डोळ्यांना न दिसणारी.

हे मॉडेल बळाच्या विश्लेषणाला पाठवताना संपर्क ‘बाँडेड’, म्हणजे पूर्ण चिकटलेला, राहू दिला, की ती फट नाहीशी होते. समजा उभी प्लेट 12 मिलिमीटर जाड आहे आणि दोन्ही बाजूंना 5 मिलिमीटर लेगचं, म्हणजे प्लेटलगतची बाजू 5 मिलिमीटर असलेलं, वेल्ड आहे. थ्रोट, म्हणजे वेल्डची कोपऱ्यापासूनची सर्वांत कमी जाडी, लेगच्या 0.707 पट, साधारण साडेतीन मिलिमीटर. दोन्ही मिळून सात. बळ वाहून न्यायला प्रत्यक्षात सात मिलिमीटर धातू आहे आणि संगणक हिशेब करतोय बाराचा. उत्तर रंगीत येतं, सुरेख दिसतं, आणि सांधा आहे त्यापेक्षा कितीतरी भक्कम ठरतो.

म्हणून फट मॉडेलमध्ये ठेवा. बीड त्रिकोणी छेदाचा सॉलिड, म्हणजे घन आकार, म्हणून काढा, बाँड फक्त त्याच्या दोन बाजूंना द्या, आणि प्लेटांच्या टेकलेल्या पृष्ठभागांना साधा संपर्क द्या, जो दाब घेईल पण ओढ घेणार नाही. प्लेटची कड तिरपी कापून (बेव्हल करून) पूर्ण जाडीत भरलेलं वेल्ड असेल तर गोष्ट वेगळी; तिथे प्लेटा एकजीव धरणंच बरोबर.

आता बीडच्या टोकाशी, जिथे तो प्लेटला मिळतो तिथे, आणखी एक अडचण येते. मेश, म्हणजे विश्लेषणासाठी मॉडेलचे केलेले तुकडे, बारीक करत गेलं की तिथला ताण वाढतच जातो, थांबत नाही. भूमितीतला तो कोपरा टोकदार आहे, त्याचा हा परिणाम. त्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. फटिगसाठी, म्हणजे वारंवार पडणाऱ्या बळाने येणाऱ्या थकव्यासाठी, रूढ पद्धत अशी, की टोकापासून जाडीच्या 0.4 पट आणि 1 पट अंतरावर, म्हणजे 12 च्या प्लेटला 4.8 आणि 12 मिलिमीटरवर ताण वाचायचा आणि तिथून सरळ रेषेने टोकापर्यंत यायचं. आणि हो, जास्त मजबूत पोलाद घेतलं म्हणून वेल्डचं फटिग आयुष्य वाढत नाही. हे फार लोक विसरतात.

याचा अर्थ प्रत्येक बीड सॉलिड काढावा असा नाही. मोठ्या असेम्ब्लीत त्याने मॉडेल जड होतं. तिथे कॉस्मेटिक वेल्ड, म्हणजे घन आकार न काढता नुसतं दाखवलेलं वेल्ड, पुरतं. पण कोपऱ्यात गसेट, म्हणजे आधाराची प्लेट, बसणार असेल तर बीडला जागा सोडून गसेटचा कोपरा छाटावा लागतो, आणि ते सॉलिड बीड असल्याशिवाय ध्यानात येत नाही. वेल्डिंगनंतर मशीनिंग असेल तेव्हाही तेच. इन्व्हेंटर या कॅड सॉफ्टवेअरमध्ये आधी तयारी, मग वेल्ड, मग मशीनिंग असे तीन टप्पे वेगळे ठेवलेत. हा क्रम मला मनापासून आवडतो, कारण कारखान्यातलं काम त्याच क्रमाने चालतं. वेल्डिंगच्या टॉर्चचाही एक सॉलिड बनवून ठेवा आणि 45 अंशांत प्रत्येक कोपऱ्यात नेऊन पाहा. तो पोचला नाही, तर वेल्डरचा हातही पोचणार नाही.

शेवटी ड्रॉइंग. वेल्डच्या चिन्हांचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 2553, त्यात आकड्याआधी अक्षर लागतं. ‘z5’ म्हणजे लेग 5, ‘a5’ म्हणजे थ्रोट 5, म्हणजेच लेग सात. छेदाचं क्षेत्रफळ पहिल्यात साडेबारा चौरस मिलिमीटर, दुसऱ्यात पंचवीस: धातू दुप्पट, उष्णता जास्त, प्लेट वाकण्याची भीतीही जास्त. अमेरिकी पद्धतीत आकडा लेगचाच धरतात आणि अक्षर लिहीत नाहीत. तेव्हा सॉफ्टवेअरचा टेम्प्लेट कोणत्या पद्धतीवर लावलाय, हे पहिलं चिन्ह टाकायच्या आधी पाहून घ्या.