नवा ॲक्सेप्टर आला, पण तपासला कसा?

नमस्कार मंडळी! सोलर म्हटलं की गच्चीवरचं सिलिकॉनचं पॅनल आठवतं, पण आज बोलायचंय ते ऑरगॅनिक सोलर सेलबद्दल, म्हणजे कार्बनच्या रेणूंची शाई करून प्लॅस्टिकवरसुद्धा छापता येतात ते. यात दोन मटेरियल मिसळतात, इलेक्ट्रॉन देणारा डोनर आणि घेणारा ॲक्सेप्टर. उजेड पडला तरी इलेक्ट्रॉन लगेच सुटत नाही, जेमतेम 10 नॅनोमीटरच्या आसपास ॲक्सेप्टर भेटला तर ठीक, नाहीतर सगळी एनर्जी वाया.

1995 पासून वीसेक वर्षं ॲक्सेप्टर म्हणजे फुलरिनच, म्हणजे कार्बनचे चेंडूसारखे रेणू. इलेक्ट्रॉन घेण्यात पटाईत, पण उजेड शोषण्यात आळशी, वर महाग. मग 2015 ला बीजिंगमधून आयटीआयसी हा फुलरिन नसलेला ॲक्सेप्टर आला, आणि 2019 ला चीनमधल्याच चांग्शाच्या झोउ यिंगपिंग यांच्या ग्रुपने वाय 6 आणला, डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेडसुद्धा पकडतो, आणि पीएम 6 या डोनरबरोबर एफिशियन्सी थेट 15.7 टक्के! आता लॅबमध्ये 20 टक्क्यांच्या पुढे मजल गेलीय.

नवीन ॲक्सेप्टर हातात आला की आधी त्याला क्लोरोफॉर्ममध्ये डोनरबरोबर विरघळवायचं, काचेवर थेंब टाकायचा, काच गरागरा फिरवायची, की साधारण 100 नॅनोमीटरचा पातळसा थर बसतो. हे सगळं नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, जाडजूड रबरी हातमोज्यांतून, त्यामुळे चिमट्यातून काच निसटली की फार वैताग येतो बरं का! मग थोडं तापवायचं, व्हॅक्यूममध्ये वरून धातूचा इलेक्ट्रोड चढवायचा आणि नकली सूर्याखाली ठेवून व्होल्टेज-करंट मोजायचं.

खरी गोम इथेच आहे. सेल असतो काही चौरस मिलिमीटरचा, त्यावर उजेड ठरावीक जागेतच पडू देणारा मास्क नीट बसला नाही तर बाजूचा उजेडही आत शिरतो आणि करंट फुगतो, म्हणून प्रत्येक रंगाच्या उजेडाला किती करंट मिळतो ते वेगळं मोजून त्याची बेरीज नकली सूर्याखालच्या करंटशी जुळतेय का बघायचं. जुळली नाही तर मला तरी तो आकडा मान्य नाही, कितीही मोठा असू दे. आणि जुळली तरी तोच सेल शेकडो तास उजेडात ठेवून बघा ना, कारण गरम झाल्यावर डोनर आणि ॲक्सेप्टर हळूहळू वेगळे व्हायला लागतात, आणि क्लोरोफॉर्म इतक्या पटकन उडतो की मोठ्या शीटवर छापायला तो कामाचाच नाही, तिथे दुसरं सॉल्व्हंट घेऊन पुन्हा पहिल्यापासून सगळं मोजायला लागतं.