नाहीशा होणाऱ्या आवाजांविषयी

अध्यक्षमहाशय आणि मित्रहो,

आरंभी एक विनंती करतो. टेबलावरचे हे यंत्र मी आताच सुरू केले आणि ते पक्ष्याच्या पिलासारखे चिवचिवू लागले, हे आपण ऐकलेच. या सभागृहात साठेक माणसे आहेत आणि मोबाईल बहुधा त्याहून अधिक आहेत. ते सर्व कृपया पूर्ण बंद करावेत. ही विनंती वक्त्याच्या मानासाठी नसून यंत्राच्या मनःशांतीसाठी आहे.

मंडळाने छापलेल्या पत्रिकेत आजचा विषय 'मेटल डिटेक्टरचे खोटे आणि नाहीसे होणारे सिग्नल' असा दिला आहे. विषय मीच सुचवला होता, तरी त्यातील 'खोटे' या शब्दाला माझीच हरकत आहे आणि ती नोंदवण्यासाठीच मी आज येथे उभा आहे. गेली वीस वर्षे, शेतमालकांची रीतसर परवानगी घेऊन, मी इंग्लंडच्या सफक परगण्यातील नांगरलेल्या शेतांतून हे यंत्र फिरवतो आहे. या काळात यंत्र माझ्याशी एकदाही खोटे बोललेले नाही. मी मात्र त्याच्या बोलण्याचा विपर्यास हजारो वेळा केला आहे.

लहानपणी साताऱ्याकडे आमची आजी सांगत असे की पायाळू माणसाच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले, की त्याला जमिनीखालचे धन दिसते. मी डोक्याकडून जन्मलो, त्यामुळे नाइलाजाने मला बॅटरीवर चालणारे यंत्र घ्यावे लागले. हे यंत्र सुट्टीत गावी नेण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली गोष्ट कायद्याची. भारतात १८७८चा निखात निधी कायदा आहे आणि त्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. दुसरी गोष्ट जमिनीची, आणि तीच आजच्या विषयाशी निगडित आहे. आपला दख्खनचा काळा पाषाण मॅग्नेटाइटने भरलेला आहे आणि कोकणातला जांभा लोहाच्या ऑक्साइडने लालभडक झालेला आहे. अशा जमिनीवर यंत्र धरले, की ते पावलोपावली ओरडू लागते. त्या ओरडण्याला कोणी खोटे म्हणेल, पण यंत्र केवळ 'येथे लोह आहे' एवढेच सांगत असते, आणि लोह तेथे खरोखरच असते.

यंत्राच्या तळाशी ही जी तव्यासारखी चकती आहे, तिला कॉइल म्हणतात. आमच्या घरी तिला तवाच म्हणतात. तिच्यातील तारेचे एक वेटोळे सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. त्या क्षेत्रात धातू आला, की त्यात भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, सुरू होतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र निर्माण होते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. परत आलेला संकेत मूळ संकेताच्या किती मागे पडला, यावरून यंत्र धातूच्या प्रकाराचा अंदाज बांधते. खोलीचे गणित मात्र फार निर्दयी आहे. अंतर दुप्पट झाले, की परतीचा संकेत साधारणपणे चौसष्टाव्या भागावर येतो. म्हणजे पडद्यावर दिसणारा आकडा हा पुष्कळदा अतिशय पुसट कुजबुजीवरून केलेला तर्क असतो, आणि आपण त्याला निकालपत्र समजतो.

आता माझी आवडती कथा सांगतो. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या गेल्या. एक दंडाला चाटून गेली आणि दुसरी पाठीतून आत शिरली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती, त्यामुळे गोळी नेमकी कोठे अडकली आहे हे कोणालाच कळेना. तेव्हा टेलिफोनमुळे नावारूपाला आलेले अलेक्झांडर ग्रॅहम बेल पुढे सरसावले. संशोधक डेव्हिड ह्यूज यांच्या इंडक्शन बॅलन्सच्या, म्हणजे धातू जवळ येताच दोन वेटोळ्यांमधला तोल ढळण्याच्या, तत्त्वावर त्यांनी एक यंत्र उभे केले. त्यात दोन वेटोळी होती आणि ऐकण्यासाठी टेलिफोनचाच कर्णा होता. यादवी युद्धात लागलेल्या गोळ्या अंगात वागवत जगणाऱ्या सैनिकांवर त्यांनी ते तपासून पाहिले. म्हणजे तयारीत कसूर नव्हती.

२६ जुलैला यंत्र व्हाइट हाउसमध्ये नेले, तर त्यातून नुसतीच खरखर येऊ लागली. कंडेन्सर चुकीचा जोडला गेला होता, हे नंतर लक्षात आले. आपल्यापैकी ज्यांनी पाहुण्यांसमोर नवा मिक्सर सुरू करून पाहिला आहे, त्यांना बेल यांच्या मनाची अवस्था समजेल. १ ऑगस्टला दुसरा प्रयत्न झाला. या वेळी आवाज आला, पण एका ठिकाणी न येता बऱ्याच मोठ्या भागावर क्षीणपणे येत राहिला. मुख्य डॉक्टर ब्लिस यांचे मत गोळी उजव्या बाजूला आहे असे होते आणि शोधही त्याच बाजूला चालला होता. आवाज उजवीकडे आला, तेव्हा त्यांचे मत सिद्ध झाले असे जाहीर झाले. बेल यांचे मन मात्र मानेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकशी केली, तेव्हा घोड्याच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी असल्याचे उघड झाले. सारा दोष त्या गादीचाच होता की नाही, यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. १९ सप्टेंबरला गारफिल्ड यांचे निधन झाले आणि शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला सापडली.

ही कथा सांगताना बहुतेक लोक गादीपाशी थांबतात आणि हसतात. मला मात्र त्या पसरट आवाजाचे फार वाटते. लहान, एकटी वस्तू तव्याखाली आली, तर आवाज नेमका आणि आखूड येतो. पसरट आवाज याचा अर्थ मोठी वस्तू, अनेक वस्तू किंवा स्वतः जमीन, असाच असू शकतो. शिशाची एक गोळी कधीही हातभर जागेत वाजत नाही. यंत्राने आपले काम केले होते. ऐकणाऱ्यांना जे ऐकायचे होते, तेवढेच त्यांनी ऐकले.

आता थोडे स्वतःचे गाऱ्हाणे मांडतो. काही वर्षांपूर्वी माझ्या यंत्रावर उत्तम, गोड, चांदीच्या नाण्यासारखे आवाज येत, मी खड्डा घेई आणि आवाज नाहीसा होई. एका दुपारी मी असे सतरा खड्डे घेतले आणि हिचे म्हणणे असे, की तेवढ्या श्रमात परसातली बटाट्याची लागवड उरकली असती. मी यंत्र दुरुस्तीला पाठवले. दुरुस्ती केंद्राने ते तीन आठवडे ठेवून घेतले, पैसे घेतले आणि 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लावून परत केले. मी पुन्हा पाठवले आणि चिठ्ठीही पुन्हा तीच आली, फक्त तारीख बदलली होती. शेवटी मीच रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र चालू ठेवून त्याची केबल इंच इंच वाकवत गेलो. तव्यातून केबल बाहेर येते तेथे, आवरणाच्या आतली तार तुटली होती आणि ठरावीक कोनात वाकली तरच सुटत होती. झोत घेताना, म्हणजे तवा जमिनीवरून डावीउजवीकडे फिरवताना, वळणावर ती वाके आणि यंत्र किंचाळे. दुरुस्ती केंद्रात मात्र यंत्र टेबलावर निवांत पडलेले, मग दोष कसा दिसणार? आपल्या गावाकडचा पानाड्यासुद्धा निदान शेतात येऊन पाहतो!

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि तीवर 'आठ मिनिटे' असे लिहिले आहे. ज्या नाहीशा होणाऱ्या आवाजांसाठी आपण आलात, ते अजून सुरूच झालेले नाहीत, तेव्हा आता भरभर सांगतो.

तवा स्थिर धरावा. आजची बहुतेक यंत्रे शोधाच्या पद्धतीत तवा हलता असतानाच जमिनीतील धातू सांगतात. त्यामुळे तवा स्थिर असूनही आवाज चालू राहिला, तर तो हवेतून येतो आहे. विजेच्या तारा, फोन, शेजारी चालणाऱ्या मित्राचे यंत्र यांपैकी काहीही त्याचे कारण असते. गुरांसाठी घातलेल्या विद्युत कुंपणाचा ठोका साधारण दर सेकंदाला पडतो. तशा एका ठोक्याचा पाठलाग करत मी गुडघाभर खड्डा घेतलेला आहे. अशा वेळी सेन्सिटिव्हिटी उतरवावी किंवा फ्रिक्वेन्सी बदलावी. झोताच्या टोकालाच आवाज येत असेल, तर प्रथम स्वतःच्या बुटांकडे पाहावे, कारण पोलादी टोपीचे बूट हा आमच्या छंदातील सर्वांत जुना विनोद आहे.

मग नव्वद अंशांत वळून त्याच जागी पुन्हा झोत घ्यावा. नाणे दोन्ही दिशांनी बहुधा सारखेच बोलते. आडवा पडलेला लोखंडी खिळा एका दिशेने चांदीसारखा वाजतो आणि दुसऱ्या दिशेने गुरगुरतो किंवा गप्प बसतो. इंग्लंडच्या शेतांत याखेरीज वाफेच्या नांगरांच्या काळापासून पडलेला कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा आहे, जो धातू नसूनही वीज वाहून नेतो. शिवाय कंपोस्टच्या नावाखाली शेतात पसरलेले ॲल्युमिनियमचे तुकडे आहेत. त्यांच्याविषयी मी बोलू लागलो तर रात्र होईल, म्हणून सोडून देतो.

आता खड्डा घेतला आणि आवाज गेला, असे समजा. प्रथम काढलेल्या मातीच्या ढिगावर तवा फिरवावा, कारण दहांपैकी पाचसहा वेळा 'नाहीशी' झालेली वस्तू तेथेच असते. तेथे नसेल, तर पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायचा छोटा शोधक, खड्ड्याच्या भिंतींना लावून पाहावा. वस्तू अनेकदा मध्यभागी नसून कडेला असते. तेथेही नसेल, तर नाणे खणताना घसरून कडेवर उभे राहिले असण्याची शक्यता असते. कडेवर उभ्या नाण्याचे फार थोडे क्षेत्रफळ तव्यासमोर येते, भोवरी प्रवाह क्षीण होतात आणि मघाचा ठणठणीत आवाज विरून जातो. माती हलकेच ढवळली, की तो परत येतो. शेवटची शक्यता गंजलेल्या लोखंडाची असते. त्याचा गंज वर्षानुवर्षे आसपासच्या मातीत झिरपतो आणि वस्तू प्रत्यक्षाहून मोठी भासते. आपण माती विस्कटली, की ते वलयच मोडते.

याउलट आवाज नाहीसा न होता वाढतच गेला, तर फावडे खाली ठेवावे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी याच सफकमधील हॉक्सन गावी एरिक लॉज हे आपल्या एका शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधत होते आणि त्यांना रोमन काळाच्या अखेरचा सोन्याचांदीचा साठा लागला. त्यात सुमारे पंधरा हजार नाणी होती. लॉज यांनी पुढे खणणे थांबवून कळवले, म्हणूनच पुरातत्त्वज्ञांना सारे जागच्या जागी पाहता आले. हातोडीही सापडली आणि तीसुद्धा आज ब्रिटिश म्युझियमकडे आहे. इथल्या १९९६च्या ट्रेझर कायद्यानुसार अशा निधीची माहिती १४ दिवसांच्या आत द्यावी लागते.

माझी वेळ संपली आहे. फक्त एक गोष्ट नोंदवतो. टेबलावरचा तवा मी बोलायला उभा राहिल्यापासून तसूभरही हललेला नाही, आणि तरीही हे यंत्र आता पुन्हा चिवचिवते आहे. दुसऱ्या रांगेतील कोणीतरी आपला फोन बंद केलेला नाही.