डेव्हचा रांजण

हा रांजण बघा. उंची दोन फुटांहून जरा जास्त, आणि पोट एवढं मोठं की आत दीडशे लिटर मावतं. आता खांद्याजवळ या. झिलईखाली कोरलेली अक्षरं दिसतील. तारीख, 13 मे 1859. आणि तो घडवणाऱ्या कुंभारांची दोन नावं: डेव्ह, बॅडलर.

हा रांजण अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातल्या एजफिल्डच्या मातीचा. फ्रीज नसलेल्या काळात डुक्कर कापलं की मांस मिठात मुरवायचं, चरबी कढवायची आणि असल्या रांजणांत भरून ठेवायची. मळ्यावर राबणाऱ्या गुलामांना शिधा म्हणून मिळणारं खारवलेलं मांसही अशाच भांड्यांतून निघायचं.

त्याआधी घरोघरी लाल मातीची भांडी असत. त्यांच्या झिलईत शिसं. आंबट काही ठेवलं की शिसं अन्नात उतरे. एजफिल्डच्या कुंभारांनी लाकडाची राख, वाळू आणि चिकणमाती पाण्यात कालवून लेप केला. भट्टीच्या प्रखर आचेत तो वितळून काचेसारखा होतो, आणि ओघळ उतरतात ते हिरवट-तपकिरी. बघा, या बाजूला एक ओघळ जिथल्या तिथे थिजलाय.

माती कालवणारे, चाक फिरवणारे, भट्टीत लाकूड घालणारे बहुतेक हात गुलामांचे होते. डेव्ह त्यांतलाच एक, जन्म 1800 च्या सुमाराचा. पण त्याला लिहिता येत होतं.

12 जुलै 1834. त्या दिवशीच्या एका रांजणावर त्याने यमक जुळवलं: नीट ठासून भरा, यात 14 मावतील. 14 म्हणजे गॅलन. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याने कायदा केला, की गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा. गोऱ्याने शिकवलं तर दंड आणि तुरुंग. गुलामाने शिकवलं तर 50 पर्यंत फटके.

तरीही डेव्ह लिहीत राहिला. माती ओली असतानाच लिहायचं, कारण सुकली की अक्षर उमटत नाही. आणि कुठे लिहायचं, तर जे रांजण मालकाच्या कोठीत जाणार, मालकाच्या माणसांच्या नजरेला रोज पडणार, त्यांच्यावर! एवढी छाती कुठून आली असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

1840 मध्ये त्याने लिहिलं की डेव्ह मिस्टर माइल्सच्या मालकीचा. आणि 16 ऑगस्ट 1857 ला, दोनच ओळी. त्यांचा अर्थ असा: माझी सगळी नातीगोती कुठे असतील, कुणास ठाऊक; मैत्री मात्र सगळ्यांशी, प्रत्येक राष्ट्राशी.

गुलामांच्या बाजारात आई एकीकडे विकली जायची, लेकरू दुसरीकडे. हे माहीत असलं की त्या पहिल्या ओळीपाशी थांबावंच लागतं.

यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली. 1870 च्या जनगणनेत त्याची नोंद सापडते. आता आडनावासकट: डेव्हिड ड्रेक. धंदा, कुंभारकाम.

13 मे 1859 चा तो मोठा रांजण आज चार्ल्स्टनच्या संग्रहालयात आहे. डेव्हचे दुसरे दोन रांजण बोस्टनच्या कलासंग्रहालयाकडे होते. 2025 मध्ये संग्रहालयाने त्या दोन्ही रांजणांची मालकी परत केली. ज्यांना केली, ते डेव्हिड ड्रेकचे वंशज.