लिव्हर मशीनला गेज लावायचा, पण कुठे?

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे घरी लिव्हरचं, म्हणजे दांडा दाबून कॉफी काढायचं एस्प्रेसो मशीन आहे, कुणाकडे जुनी ला पावोनी युरोपिकोला, कुणाकडे दुसरं काही, आणि सगळे मला एकच विचारून राहिले की भाऊ, प्रेशर गेज लावायचा आहे, कोणता घेऊ. माझं म्हणणं, कोणता ते मागून बघू, आधी कुठलं प्रेशर पाहायचंय ते सांगा. कारण या मशीनमध्ये प्रेशर दोन ठिकाणी असतं, बॉयलरमध्ये एक आणि ग्रुपमध्ये, म्हणजे जिथून पाणी कॉफीवर जातं तिथं पिस्टनखाली, दुसरं.

हे दोन वेगळे झाले तेच मुळी लिव्हरमुळे. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझेरानं जे मशीन काढलं त्यात वाफच पाणी ढकलायची, त्यामुळे कॉफीवर प्रेशर दीडेक बारच्या (बार म्हणजे प्रेशरचं एकक) वर जायचं नाही. पुढे मिलानच्याच अकिले गाज्जियानं १९४७ च्या सुमारास लिव्हर आणि स्प्रिंगचा पिस्टन आणला, तेव्हा प्रेशर ८-९ बारवर गेलं आणि कपात तो क्रेमा, म्हणजे वरचा सोनेरी फेस, दिसायला लागला. तेव्हापासून बॉयलरचं काम फक्त पाणी तापवणं, जोर लावायचा तो लिव्हरनं.

म्हणून बॉयलरचा गेज मी तर थर्मामीटरच समजतो. बंद भांड्यात पाणी आणि वाफ दोघंच असले की प्रेशरवरून तापमान ठरलेलं असतं, काटा ०.५ बारवर म्हणजे साधारण १११ डिग्री, ०.८ वर ११७, १ वर १२०. पण अट ऐका, "पाणी आणि वाफ दोघंच". थंड मशीन चालू केलं तर आत हवा अडकलेली असते, ती पण तापून दाब देते, काटा ०.८ दाखवतो आणि पाणी मात्र तेवढं तापलेलंच नसतं, प्रेशरस्टॅटवालं (म्हणजे ठरलेलं प्रेशर आलं की हीटर बंद करणारा स्विच असलेलं) मशीन असेल तर तेही फसून हीटर बंद करतं. मग पहिला कप आंबट येतो आणि आपण उगाच ग्राइंडरला दोष देतो. उपाय काय तर काटा ०.५ च्या आसपास आला की स्टीमची तोटी उघडायची, आधी फुसफुस हवा येईल, थोडं पाणी येईल, मग सलग कोरडी वाफ यायला लागली की बंद. आई कुकरला आधी वाफ येऊ द्यायची, मग शिट्टी ठेवायची, काहून? हेच कारण. गेज लावून इतकं जरी कळलं तरी पैसे वसूल आहेत बाप्पा.

आता लावायचा कसा. मशीन पूर्ण थंड, प्लग काढलेला, तोटी उघडून प्रेशर शून्य, त्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. युरोपिकोलावर साईट ग्लासच्या, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीच्या, वरच्या नटच्या जागी अडॅप्टर बसतो, तीच जागा बरी. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्या भोकात गेज बसवू नका, कुणी कितीही सांगो, हे मी हात जोडून सांगतो. रेंज ० ते २.५ किंवा ० ते ४ घ्या, ० ते १६ वाला घेतला तर ०.७ आणि ०.९ मधला फरक दिसणारच नाही. नागपूरच्या इतवारीत लोहाओळीकडे गेलात तर डायलवर किलो प्रति चौरस सेंटीमीटर लिहिलेलं मिळेल, चालतं, १ बार म्हणजे १.०२. आटे मात्र नीट तपासा, आट्यांचे दोन प्रकार मिळतात, पाव इंची बीएसपीला इंचात १९ आटे आणि एनपीटीला १८, एकात दुसरा घातला तर दोन फेरे छान बसतात आणि मग अडतं, तिथं जोर लावला की पितळेचे आटे गेलेच.

अजून एक, साध्या पितळी गेजमध्ये बूर्दों ट्यूब असते, चपटी वाकवलेली नळी, दाब आला की सरळ व्हायला बघते आणि काटा हलतो. तिचे जोड बरेचदा सोल्डरचे असतात, ११५ डिग्रीची वाफ रोज थेट गेली तर टिकत नाहीत. म्हणून मध्ये सायफनचा वेढा, म्हणजे गोल वळवलेली नळी, द्यायचा, त्यात आधीच पाणी भरून ठेवायचं, म्हणजे गेजपर्यंत पाणी पोचतं, वाफ नाही.

ग्रुपचा गेज हे वेगळं प्रकरण, त्याला दाब पिस्टनच्या पोकळ दांड्यातून मिळतो. ५० मिमी पिस्टनवर ९ बार म्हणजे जवळपास १८० किलोचा जोर, तो सगळा पिस्टनच्या दांड्यावर येतो, म्हणून आपलाच दांडा लेथवर पोकळ करून आणू नका, तयार पोकळ दांड्याचा किट मिळतो तोच घ्या, गेज ० ते १६ चा आणि कॉफीचं पाणी लागतं म्हणून स्टेनलेसचा. हातानं दाबायच्या लिव्हरला याचा खरा फायदा, आपण ९ समजून ६ वरच दाबत होतो हे काट्यावर दिसतं. स्प्रिंगवाल्याला मी घाई करू नका म्हणेन, तिथं जोर स्प्रिंग ठरवते.

उन्हाळ्याचं कुणीतरी विचारलं. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरच चाळिशीला टेकतं, ग्रुप थंडच होत नाही, दुसरा-तिसरा कप जळका लागतो, तेव्हा मी प्रेशरस्टॅट ०.७ वर आणतो आणि डिसेंबरात परत ०.८-०.९. आणि बोअरचं पाणी बॉयलरला नकोच, क्षार गेजच्या बारीक नळीत बसले की काटा अडकतो. मशीन थंड असताना तोटी उघडून बघा, काटा शून्यावर आलाच पाहिजे, नाही आला तर तो गेज बदला.