पुराणातली वांगी ताटात

नमस्कार, श्रोतेहो.

आज एका छोट्या प्रयोगाने सुरुवात करू. बसला असाल तर उभे राहा. हातात लाटणे असेल तर लाटणे, नाहीतर वर्तमानपत्राची सुरळी चालेल. गाडी चालवणाऱ्यांनी कृपा करून नुसते ऐकावे. आता समोर कुणीतरी उभे आहे असे समजा आणि एक पाऊल पुढे टाकत त्याच्या खांद्यावर हलकासा वार करा. केलात? आता सांगा, आधी काय हलले, हात की पाय?

बहुतेकांना पटकन सांगता येणार नाही. पुन्हा करून पाहाल तेव्हा तर उत्तर बदललेलेही असेल. इंग्लंडमधल्या जॉर्ज सिल्व्हर नावाच्या गृहस्थाने तलवारीच्या साऱ्या विद्येचा पाया याच प्रश्नावर घातला. आधी हात, मग अंग, मग पाय, असे त्याचे म्हणणे. कारण सरळ आहे. पाय आधी गेला तर तुमचा देह शत्रूच्या टप्प्यात पोहोचतो आणि तलवार मात्र अजून वाटेतच असते. सिल्व्हरचे एक पुस्तक 1599 साली छापले गेले. त्यात त्याने इटालियन तलवारबाजीच्या फॅशनवर यथेच्छ तोंडसुख घेतले आहे. पण प्रत्यक्ष करायचे कसे, हे ज्यात नीट सांगितले ते दुसरे टिपण हस्तलिखितच राहिले. सिरिल मॅथी या लष्करी अधिकाऱ्याने ते 1898 साली छापून काढले. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे ते वाट पाहत पडून होते.

आणि आज? दिवसभर ऑफिसात बसून आलेली माणसे संध्याकाळी एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये जमतात, तोंडावर जाळीचे मुखवटे चढवतात, बोथट तलवारी उपसतात आणि भांडतात. हात आधी म्हणजे नेमका किती आधी? पाऊल जमिनीला टेकण्याच्या आधी, की उचलण्याच्याही आधी? एका वाक्यावर अख्खी संध्याकाळ जाते.

या छंदाला 'हिस्टॉरिकल युरोपियन मार्शल आर्ट्स' असे लांबलचक नाव आहे. त्याची आद्याक्षरे जोडून होते 'हेमा'. कुणाला ओळखीच्या एखाद्या बाईंची आठवण झाली असेल तर तो माझा दोष नाही.

'पुराणातली वांगी पुराणात' असे आपण म्हणतो. पुस्तकातले पुस्तकात ठेवावे, ताटात आणू नये. ही मंडळी नेमके उलटे करतात. दुर्मिळ ग्रंथ काचेच्या पेटीत ठेवून नमस्कार करायचा नाही, तो करून बघायचा. ऐकायला सोपे वाटते, पण यात एक मोठी अडचण आहे आणि आज मला मुख्यतः तिच्याविषयीच बोलायचे आहे. ही जुनी पुस्तके तुमच्याआमच्यासाठी लिहिलेलीच नव्हती. ज्याला विद्या आधीच येते त्याला आठवण राहावी म्हणून ती लिहिली गेली.

जर्मन परंपरेतला थोर गुरू योहान्नेस लिख्टेनाउअर. त्याच्या नावावर आहेत त्या काही यमकबद्ध ओळी, तोंडपाठ करण्याजोग्या आणि मुद्दामच धूसर ठेवलेल्या. ही विद्या कुणाही सोम्यागोम्याच्या हाती पडू नये म्हणून शब्द झाकलेले आहेत, असे नंतरच्या टीकाकारांनीच, म्हणजे त्या ओळींवर भाष्य लिहिणाऱ्यांनीच, सांगून ठेवले आहे. 'क्रोधाचा वार' असे एका प्रहाराचे नाव आहे. क्रोध तर समजला, पण तलवार कुठून कुठे न्यायची? त्यासाठी टीका वाचा, मग टीकेवरची टीका वाचा. न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात एक जुने हस्तलिखित आहे, 3227-अ या क्रमांकाचे. त्याचा अनामिक लेखक तर सरळ हात वर करतो. तो म्हणतो की ही विद्या हाताने जशी दाखवता येते, तशी बोलून किंवा लिहून सांगता येत नाही. ज्या पुस्तकावरून शिकायचे तेच पुस्तक सांगते की पुस्तकावरून शिकता येत नाही. आणि दाखवणारा हात तर कित्येक शतकांपूर्वी मातीत गेला. दोन हातांनी चालवायच्या त्या लांब तलवारीची गुरुशिष्य साखळी युरोपात पार तुटली. उरले ते कागद.

मग चित्रे बघावीत म्हटले, तर चित्र म्हणजे एका क्षणाचा तुकडा. तलवार डोक्यावर दिसते खरी, पण ती वर चालली आहे की खाली येते आहे? इटलीच्या फिओरे देइ लिबेरी या गुरूने 1410 च्या आसपास यावर सुरेख तोड काढली. चित्रातल्या ज्या माणसाच्या डोक्यावर मुकुट, तो गुरू. गुडघ्याखाली पट्टा बांधलेला, तो त्या गुरूचा डाव पुढे नेणारा शिष्य. मुकुट आणि पट्टा दोन्ही असतील, तर तो उलटा डाव टाकून त्या शिष्याचीच खोड मोडणारा. एकदा ही खूण कळली की पानेच्या पाने आपोआप साखळीसारखी गुंफली जातात. या ग्रंथाच्या चारच जुन्या प्रती आजवर ठाऊक आहेत. एकीत धूसर असलेले दुसरीत स्पष्ट असते, म्हणून अभ्यासू मंडळी त्या शेजारीशेजारी ठेवून वाचतात. फिओरेचा एक शिष्य म्हणत असे की पुस्तकांवाचून या विद्येत कुणी चांगला गुरूही होत नाही आणि शिष्यही होत नाही. न्यूरेंबर्गच्या त्या अनामिकाच्या अगदी उलट! दोघांची गाठ पडायला हवी होती.

सगळेच इतके कनवाळू नव्हते. हान्स टालहोफरचा 1467 चा ग्रंथ म्हणजे सुमारे पावणेतीनशे चित्रफलक आणि प्रत्येकाखाली जेमतेम एखादी ओळ. त्यात नवराबायकोच्या न्यायालयीन द्वंद्वाचीही चित्रे आहेत. नवरा कमरेइतक्या खड्ड्यात उभा, हातात सोटा. बायको मोकळी, तिच्या हातात कापडात बांधलेला दगड. याचे पुनरुज्जीवन करा असे मी काही सुचवणार नाही.

असे प्रयत्न यापूर्वीही झाले होते. 19 व्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एगर्टन कॅसल आणि आल्फ्रेड हटन या दोघांनी जुने ग्रंथ चाळून प्रयोग करून दाखवले. पण 1885 साली कॅसलने तलवारबाजीचा इतिहास लिहिला, त्यात मध्ययुगीन लढतीला त्याने रांगडी, अशिक्षित धुमश्चक्री ठरवून टाकले. हातात हलकी आधुनिक तलवार आणि डोक्यात प्रगतीची शिडी, मग दुसरे काय दिसणार? खरी मध्ययुगीन लांब तलवार साधारण एक ते दीड किलोची. अवजड लोखंडी पहार ही सिनेमाने करून दिलेली समजूत. ग्रंथ समोर ठेवून तेवढ्याच वजनाच्या तलवारीने माणसे खेळू लागली, तेव्हा कॅसलचे ते मत टिकले नाही. नुसत्या वाचनाने ते खोडता आले असते की नाही, मला शंका आहे. मनगटालाच कळले की या तलवारीला नाजूक कामही जमते.

वाचणारा एक आणि करणारा दुसरा असेल, तर दोघांनी एकत्र बसावे. 14 व्या शतकात तैबुघा नावाच्या ममलूक, म्हणजे इजिप्त-सीरियातल्या त्या काळच्या राजवटीतल्या, धनुर्धराने अरबीत धनुर्विद्येवर ग्रंथ लिहिला. 1970 साली त्याचे इंग्रजी भाषांतर आले ते लेथम आणि पॅटरसन या जोडीचे. एक अरबीचा अभ्यासक, दुसरा स्वतः तिरंदाज. हे का लागते ते बघा. अरबी धनुर्ग्रंथांत दोरी 'त्रेसष्ट'ने ओढा असे सांगितलेले असते. आता शब्दकोशात त्रेसष्ट म्हणजे साठ आणि तीन, दुसरे काय निघणार? पण त्या काळी बोटांच्या ठरावीक मुद्रांनी आकडे दाखवत. तीनसाठी शेवटची तीन बोटे मिटायची, साठसाठी अंगठा वाकवून त्यावर तर्जनी ठेवायची. ही मुद्रा करून बघा, अंगठ्याने दोरी अडवण्याची पकड हातात तयार! आकडा भाषेच्या जाणकाराने वाचायचा आणि दोरी तिरंदाजाने ओढायची.

नाचाचेही असेच. 1589 साली फ्रान्समध्ये एका वयस्क धर्मगुरूने नृत्यावर पुस्तक काढले, आपल्या नावातली अक्षरे उलटसुलट करून घेतलेल्या 'त्वानो आर्बो' या नावाने. गुरू आणि तरुण वकील यांचा तो संवाद आहे. त्याने संगीताच्या ओळी पानावर चक्क उभ्या केल्या आणि प्रत्येक स्वरासमोर त्या वेळी टाकायचे पाऊल लिहिले. त्या काळचे नाच करू पाहणाऱ्यांना आजही या पुस्तकावाचून पुढे जाता येत नाही. पाकशास्त्राच्या जुन्या पोथ्या याच्या दुसऱ्या टोकाला. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डच्या खानसाम्यांनी 1390 च्या सुमारास केलेल्या संग्रहात मापे जवळजवळ नाहीतच. 'पुरेसे होईपर्यंत शिजवा', झाले! पुरेसे म्हणजे किती हे ज्याला विचारायचे, तो कधीच गेला.

वाद्यांच्या दुनियेतली आर्नोल्ड डोल्मेचची गोष्ट मला फार आवडते. जुनी हस्तलिखिते धुंडाळून, विस्मरणात गेलेली वाद्ये स्वतः दुरुस्त करून वाजवणारा हा गृहस्थ. त्याच्याकडे 18 व्या शतकातली एक अस्सल रेकॉर्डर, म्हणजे उभी बासरी, होती. 1919 साली लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर तिची पिशवी राहून गेली. पिशवी सांभाळायची होती त्याच्या सात-आठ वर्षांच्या मुलाने, कार्लने. बासरी गेली. पण डोल्मेचने तिची मापे घेऊन ठेवली होती. त्यावरून त्याने नवी घडवायला घेतली, आणि पुढे त्याच्या कारखान्यातून रेकॉर्डर बाहेर पडू लागल्या. तो पिशवी विसरणारा कार्ल मोठेपणी नामांकित रेकॉर्डरवादक झाला. घरात त्या पिशवीचा विषय कितीदा निघाला असेल, कल्पना करा.

आता जरा खडू हातात घेऊन बोलतो. या छंदात एक खोड आहे. एका गटातल्या कुणी ओळीचा एक अर्थ लावला, शिष्यांना शिकवला, त्यांनी पुढच्यांना. दहा वर्षांत तो अर्थ परंपरा होऊन बसतो आणि 'पुस्तकात असेच आहे' असे छातीठोकपणे सांगितले जाते. पुस्तक उघडले तर तिथे निम्मेच सापडते. शिवाय स्पर्धेत गुण मिळतात ते लवकर स्पर्श करणाऱ्याला, ग्रंथाला धरून खेळणाऱ्याला नव्हे. म्हणून जी मंडळी इथवर मूळ मजकूर, इथून पुढे आमचा अंदाज, असे उघड सांगतात, त्यांच्यावर माझा विश्वास बसतो. अंदाज करण्यात काही पाप नाही. तो लपवण्यात आहे.

युरोपातला तलवारबाजीचा सर्वांत जुना ज्ञात ग्रंथ लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. 'आय 33' हे त्याचे कोरडे नाव. 14 व्या शतकाच्या पूर्वार्धातला, जर्मनीतला, मजकूर लॅटिन. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तो जर्मनीतल्या गोटा या गावच्या संग्रहातून नाहीसा झाला आणि 1950 साली लंडनच्या लिलावात उगवला. चौसष्ट पाने. एका हातात तलवार, दुसऱ्यात छोटी ढाल. शिकवणारा एक पाद्री, शिकणारा त्याचा विद्यार्थी, आणि दोघेही कमरेतून विलक्षण पुढे झुकलेले. ते झुकणे चित्रकाराची शैली की खरा पवित्रा, यावर आजही एकमत नाही. काही गट झुकून सराव करतात, काही ताठ. शेवटच्या दोन पानांवर विद्यार्थी दिसत नाही. त्याच्या जागी, तशीच तलवार आणि तशीच ढाल घेऊन, एक बाई उभी आहे. तिचे नाव तेवढे लिहिले आहे, वाल्पुर्गिस. ती कोण, पाद्र्याकडे कशी आली, मजकूर काही सांगत नाही. पण तिचा पवित्रा स्पष्ट काढलेला आहे, आणि आत्ता या क्षणी कुठल्यातरी हॉलमध्ये कुणीतरी तो घेऊन बघत असेल.

नमस्कार.