मूळव्याधच असेल!

(दृश्य: मॉनिटरवर मोठ्या आतड्याची ओलसर, गुलाबी भिंत. कॅमेरा सावकाश मागे येतोय.)

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. कोलोनोस्कोपीची, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायची कॅमेऱ्याची नळी पार टोकापर्यंत जाते, लहान आतडं येऊन मिळतं तिथवर. खरा शोध परतीच्या वाटेवर. प्रत्येक घडीमागे डोकावत, किमान ६ मिनिटं घेत ती मागे आणायची.

हा बघा, घडीआड मटाराच्या दाण्याएवढा कोंब. पॉलिप. दुखत नाही, खुपत नाही. अशा थोड्याच कोंबांचा पुढे कर्करोग होतो, आणि त्यालाही बहुधा दहाएक वर्षं लागतात. तेवढ्यात सापडला, तर तारेचा फास टाकून त्याच वेळी कापून काढता येतो.

आपल्याकडे घात करतो तो एक शब्द: मूळव्याध. संडासला रक्त दिसलं की मलम, काढा, सुरणाची भाजी. मूळव्याध असतेही पुष्कळदा; पण वर गाठ नाही, हे आत पाहिल्याशिवाय कसं सांगणार? उजव्या बाजूच्या गाठीचं रक्त तर बऱ्याचदा दिसतच नाही, नुसतं हिमोग्लोबिन उतरत जातं. म्हणून पन्नाशीतल्या पुरुषाला फक्त लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवू नये.

भारताच्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, आतड्याचा नाही. तेव्हा डॉक्टरांना आपणच विचारायचं. अमेरिकेत २०२१ पासून ४५व्या वर्षी तपासणीला सुरुवात करायला सांगतात. आईवडील किंवा भावंडांत कुणाला झाला असेल, तर चाळिशीला, नाहीतर त्यांच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षं. जे आधी येईल ते.

सुरुवात ‘फिट’ चाचणीनेही होते, म्हणजे शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायचं. काडीचं टोक शौचाला चार-पाच जागी टोचून नळीत बंद करायचं. उन्हात ठेवलं तर रक्ताचा अंश नासतो. पॉझिटिव्ह आली, तर पुन्हा ‘फिट’ करून बघायची नाही; कोलोनोस्कोपीच.

आणि तयारी नीट हवी. दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाजी, पेरू, तीळ बंद. बियांनी नळी तुंबते. आदल्या दिवशी शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा चालेल. कोकम सरबत नको, आत तो लाल रंग रक्तासारखा दिसतो. जुलाबाचं औषध अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे. पहाटेचं चुकवलं, की उजव्या बाजूला चिकट थर बसतो आणि चपटे कोंब नेमके त्याखाली लपतात. शौचाला लघवीसारखं नितळ पिवळं पाणी पडू लागलं, की आतडं तयार.