बुवांच्या कॅसेटी आणि पेटीची साक्ष

मंडळी, आपल्या भजनी बुवांच्या सुरुवातीच्या, घरी भरलेल्या कॅसेटींबद्दल आपल्या कुडाळ-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात. कॅसेटी सात आहेत, त्या १९८१ च्या आधीच्या आहेत आणि त्या वयात बुवा काळी तीनमध्ये, म्हणजे पेटीची तिसरी काळी पट्टी ‘सा’ धरून, गात. मी आणि माझा एक मित्र दोन वर्षं या कॅसेटी घेऊन बसलो, तेव्हा तिन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या. बुवांची भजनं ऐकतच मी मोठा झालो, त्यामुळे त्यांच्याबद्दल जे सांगायचं ते खरंच असावं असं मला मनापासून वाटतं.

संख्येचं लवकर उरकतो. सात घरांत सात कॅसेटी आहेत, पण ध्वनिमुद्रणं दोनच. कुणी लेबलवर ‘चतुर्थी’ लिहिलं, कुणी ‘सप्ता’, कुणी ‘माघी’. पण पाच कॅसेटींत रूपावलीच्या, म्हणजे देवाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या अभंगाच्या, दुसऱ्या कडव्यानंतर त्याच जागी तोच कावळा ओरडतो आणि पखवाजवाला तसाच खोकतो. एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा भरून घेतलेल्या त्या नकला आहेत. दर नकलेला खरखर वाढत गेली आहे.

आता काळ. मूळ कॅसेटवर ‘जि. रत्नागिरी’ लिहिलं आहे. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, म्हणजे कॅसेट त्याआधीची, असा लोकांचा हिशेब. पण जिल्हा बदलला म्हणून हाताची सवय लगेच बदलत नाही. माझे वडील पुढे कितीतरी वर्षं पाकिटावर रत्नागिरीच लिहीत. खरा पुरावा कॅसेटच्या शेपटाला होता. गजर संपतो, बुवा म्हणतात, “बंद कर रे, झाला,” कट् असा आवाज येतो आणि पुढच्या क्षणी अर्ध्या शब्दावर हिंदी कॉमेंट्री सुरू होते. मदनलालचा चेंडू, रिचर्ड्सचा फटका, कपिलनं पकडलेला झेल. २५ जून १९८३, लॉर्ड्सचा अंतिम सामना. कॉमेंट्री नंतर भरली असती, तर भजन मध्येच तुटलं असतं. इथे भजन पूर्ण आहे आणि तुटली आहे ती कॉमेंट्री. म्हणजे आधी सामना टेप झाला आणि नंतर तो पुसत त्यावर भजन भरलं गेलं. कोऱ्या कॅसेटला पैसे पडत. घरात होती तीच वापरली.

खरा गुंता होता तो पट्टीचा. कॅसेट उघडली तेव्हा फितीच्या कडांना पांढरी बुरशी धरली होती आणि फीत हेडवर दाबून धरणारा फेल्टचा इवलासा तुकडा गळून पडला होता. आपल्या पावसाळी हवेत हे व्हायचंच. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद. ती हलक्या हाताने साफ करून दुसऱ्या, स्क्रूच्या खोक्यात घातली. बुवांची जुनी पेटी त्यांच्या घरी अजून आहे. ती शेजारी ठेवून आम्ही सूर जुळवत बसलो.

सुरुवातीला कॅसेटचा सूर त्या पेटीच्या पांढरी चारशी, म्हणजे काळी तीनच्या लगेच खालच्या पट्टीशी, जुळला. दहा मिनिटांनी तो किंचित वर वाटला. बाजू संपता संपता काळी तीन! गाणारा चढू शकतो, पण त्याच्यासोबत कॅसेटमधली पेटीही चढत होती. पेटीची पट्टी एका बैठकीत बदलत नाही. म्हणजे बदलला तो टेपचा वेग.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. ध्वनिमुद्रण झालं ते वीज नसलेल्या पडवीत, मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याच्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्रावर, सेलवर. सेल उतरत गेले तशी मोटर मंदावली. मंद भरलेली फीत नेमक्या वेगाने वाजवली की सूर चढतो आणि लयही वाढते. शेजारच्या पट्टीपर्यंतचा, म्हणजे अर्ध्या सुराचा, फरक पडायला सुमारे ६ टक्के पुरतात, म्हणजे ४.७६ च्या जागी ४.४९. गजराची लय तशीही चढतीच असते, म्हणून इतकी वर्षं कुणाला शंका आली नाही.

आम्ही संगणकावर टप्प्याटप्प्याने वेग उतरवत पेटी अखेरपर्यंत पांढरी चारवर आणली. आवाज भरदार झाला, झांजेचा चिरका नाद निवला आणि दोन ओळींमधला बुवांचा श्वास ऐकू येऊ लागला. बुवांच्या थोरल्या बहिणीला ते ऐकवलं. डोळे मिटून तिने सगळा अभंग ऐकला आणि म्हणाली, “आता इलो तेचो आवाज.” काळी तीनची आख्यायिका गेली याची मला खंत नाही. पांढरी चारमध्ये तासभर न थकता गाणारा तो तरुण मला जास्त जवळचा वाटतो.

अशा कॅसेटी तुमच्याही माळ्यावर असतील. कृपा करून त्या आधी वाजवून पाहू नका; चिकटलेली फीत तुटते. लेबल मळलं असलं, चुकीचं असलं तरी काढू नका, आणि शेवटी उरलेल्या गाण्याच्या, बातम्यांच्या तुकड्यावर दुसरं काही भरू नका. आहे तशी कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा. व्याख्यानानंतर मी इथेच थांबणार आहे.